सीडीच्या तबकातल्या अक्षता

आमच्या घरात एकच वस्तू अशी आहे की जिला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ती म्हणजे माझा लॅपटॉप. त्याच्या झाकणावर मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठीच चिकटवून ठेवली आहे : 'हात लावू नये. आज्ञेवरून.' आज्ञा कुणाची, असं माझी बायको रुख्मिणी विचारते. तिला काय सांगणार? एकतीस वर्षं मी इथं लोणारच्या एका शाळेत कारकुनी केली, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. 'आज्ञेवरून' हा शब्द बोटांत मुरलेला आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

लॅपटॉप मुळात आल्हादचा, म्हणजे आमच्या मुलाचा. तो पुण्यात असतो. पुण्यात जे जे जुनं होतं ते ते लोणारला येतं. आधी मिक्सर आला, मग एक सुटकेस आली, मग हा लॅपटॉप. वजनाला पाट्याच्या तोडीचा, आणि उजव्या अंगाला सीडी घालायचा खण असलेला. देताना आल्हाद म्हणाला होता, "बाबा, आता असा खण असलेले लॅपटॉप येतच नाहीत." मला त्या खणाचा फार अभिमान. जुनी भजनं, आल्हादच्या मुंजीचं शूटिंग, सगळं मी त्यात घालून बघतो. अख्ख्या गल्लीत तशी सोय दुसऱ्या कुणाकडे नाही, हे मी गल्लीला सांगूनही ठेवलं आहे.

तर दसऱ्याच्या सकाळी रुख्मिणी पूजेचं ताट घेऊन घरभर फिरत होती. विळीची पूजा झाली, शिलाई मशीनची झाली, माझ्या मोटरसायकलला झेंडूची माळ पडली. शेवटी ती लॅपटॉपपाशी येऊन थांबली.

"याची पूजा कुठी करू? अक्षरांवर कुंकू सांडलं म्हंजे तुमी मलेच बोलान," ती म्हणाली.

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण शहाणपण दाखवायची हौस! मी खणाचं बटण दाबलं, खण खट्कन उघडला, आणि तो ओढून मी तिच्यासमोर धरला. "हे घे. देवानं तबकच दिलंय."

रुख्मिणी खूश झाली. तिनं त्या तबकात हळद वाहिली, कुंकू वाहिलं, पिवळ्या अक्षता वाहिल्या, वर आपट्याचं पान ठेवलं. खालच्या त्या चौकोनी पट्टीवर, जिथं बोट फिरवलं की बाण फिरतो, तिथं एक ठसठशीत टिळाही लावला. संध्याकाळी मी सगळं ओल्या फडक्यानं पुसलं आणि खण बंद केला. झालं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशी उलटलेली, पांढरं काठाचं लुगडं, खांद्याला पिशवी, पायांवर धूळ. पिशवीतून तिनं चौकोनी पाकीट काढलं. पाकिटात सीडी होती.

"सायेब, हे तबकडी तुमच्याकडं चालते म्हने. झेरॉक्सवाल्यानं सांगतलं."

मी नुकताच जेवून उठलो होतो. डोळ्यांवर झापड होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "उद्या या."

बाई गेली नाही. तिनं पिशवी पायरीवर ठेवली आणि शेजारी बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी मले ओळखलं नाही, पन मी तुमाले ओळखलं. मी तानाबाई. माह्या अश्वजितच्या दाखल्याले मी तीन खेपा मारल्या होत्या तुमच्या शाळेत. पहिल्या खेपेले तुमी म्हनले उद्या या. दुसऱ्या खेपेलेबी म्हनले उद्या या. तिसऱ्या खेपेले दाखला भेटला, पन तवर कालेजाची तारीख निंघून गेल्ती. पोराचं वर्ष गेलं. वर्षभर वीटभट्टीवर होता."

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे वाक्य मी ऑफिसात हसत हसत म्हणत असे. कुणाच्या घरात त्याचं काय होतं, ते विचारायला मी कधी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला तो दाखला आठवला नाही, अश्वजित आठवला नाही, ही बाईसुद्धा आठवली नाही. याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"ते काढाले नाही आली मी," ती पुढं म्हणाली. "पोराचं चांगलं झालं. नागपूरले मोठ्या दवाखान्यात ब्रदर आहे आता. पन आज उद्याले टाइम नाही, सायेब. चार वाजेपर्यंत हे तबकडीतलं नागपूरले गेलं पाह्यजे."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचा नवरा इंद्रभान परवा सोयाबीनच्या पोत्यांवरून, भरल्या ट्रॉलीवरून पाठीवर पडला. पायांत जोर नाही. मेहकरच्या दवाखान्यात ठेवलाय. तिथल्या डॉक्टरनं मणक्याचे फोटो काढून आणायला लावले आणि सरळ सांगितलं की हे काम माझ्या हातचं नाही, मोठ्या माणसाला दाखवा, आणि लवकर. अश्वजितनं आपल्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरला गळ घातली. डॉक्टर म्हणाले, चार वाजेपर्यंत फोटो दाखव. जमण्यासारखं असेल तर उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन मी करीन, परवापासून मी पंधरा दिवस नाही. मोबाइलवर फिल्मचे फोटो काढून पाठवले तर ते म्हणाले की यात काही दिसत नाही, सीडीतलं मूळ पाठवा. फोटो काढले ते सेंटर दसऱ्याचं दोन दिवस बंद. आणि सीडीचा खण असलेली मशीन मेहकरात कुणाकडे मिळेना, म्हणून बाई एसटीनं लोणारला आली.

"दरसाल दसऱ्याले आमी दोघंबी नागपूरलेच असतो, दीक्षाभूमीवर," ती म्हणाली. "यंदाच राह्यलं."

मी उठलो. लॅपटॉप बैठकीत आणला, टेबलावर ठेवला, उघडला. तानाबाई सीडी द्यायला पुढं झाली आणि तिचा हात लॅपटॉपवरून गेला.

"हात लावू नका!" मी ओरडलो.

तिनं हात मागं घेतला. इतक्या पटकन घेतला की मी चपापलो. हे वाक्य मी बायकोला म्हणतो, मुलाला म्हणतो, पाहुण्यांना म्हणतो. पण त्या हाताला ते फार आधीपासून ओळखीचं असावं. मी घाईघाईनं सीडी घेऊन खणात बसवली, टक् असा आवाज नीट आला नाही तरी खण ढकलून बंद केला.

आतून घर्र घर्र असा आवाज आला, मग कर्र, मग काहीच नाही. पडद्यावर सीडीचं नावनिशाण नाही. मी बटण दाबलं. खण उघडेना. पुन्हा दाबलं. जोरानं दाबलं. वर त्या चौकोनी पट्टीवर बोट फिरवावं तर बाण दावं तोडलेल्या वासरासारखा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उधळत होता. मी म्हणालो, "ही पट्टीच खराब आहे."

"काल तर चांगली होती," रुख्मिणी आतून बाहेर येत म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडे, हे तिनं तोंडानं म्हटलं नाही, नुसतं बघितलं.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाईजवळची एकुलती एक सीडी माझ्या मशीनच्या पोटात गेली होती. आणि का गेली होती, ते मला एकदम उमगलं. अक्षता! देवानं तबक दिलंय म्हणणारा शहाणा मीच होतो. माझ्या कपाळावर घाम आला, तळहातांवरही आला.

मी आल्हादला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो हसला नाही याबद्दल मी त्याचा आयुष्यभर ऋणी राहीन. एवढंच म्हणाला, "खणात अक्षता? बरं. बाबा, आधी लॅपटॉप पूर्ण बंद करा. खणाच्या तोंडाशी, बटणाच्या बाजूला, एक बारीक भोक आहे बघा. त्यात सरळ पिन घाला आणि हळू दाबा. आत कडी आहे, ती सुटली की खण उघडेल. जोर नका लावू. वाकडी गेली पिन तर आतलं मोडेल."

भोक होतं. सहा वर्षं मी हा लॅपटॉप पुसतोय, ते भोक मी कधी पाहिलं नव्हतं. रुख्मिणीनं टाचणी आणली. चष्मा नाकावर, टाचणी चिमटीत, आणि माझा हात असा थरथरायला लागला की टाचणी भोकाच्या चारी बाजूंना टोचत होती, भोकात सोडून. दोनदा खाली पडली.

तानाबाई हे सगळं हात पाठीमागं धरून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "सायेब, तुमी रागावसान, पन मी पाहू का? जलमभर लोकांच्या पायातले काटे काढले म्या. बाभळीचा म्हना, बोरीचा म्हना. माह्याकडून मोडत नाही आतमधी."

तिनं 'रागावसान' म्हटलं, त्याची मला लाज वाटली. मी खुर्चीवरून उठलो. "बसा," म्हणालो. "या खुर्चीवर बसा."

तिनं मनगटातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, दातांनी सरळ केली, आणि लॅपटॉपवर वाकली. एका हातानं तिनं त्याची कड धरली, जसा दुखऱ्या माणसाचा पाय धरावा तसा. पिन आत गेली. ती थांबली. डोळे मिटले. "लागलं काईतरी," हळूच म्हणाली, आणि दाबलं.

खट्. खण बोटभर बाहेर आला.

मी ओढून उघडला. मधल्या खुंटीवर सीडी तिरकी बसली होती. ती उचलली तर खुंटीच्या बुडाशी दोन पिवळ्याधमक अक्षता! तानाबाईनं त्या पिनेच्या टोकानं टिपून माझ्या तळहातावर ठेवल्या. मी लॅपटॉप उपडा करून हलवला तर आणखी एक पडली.

"आता लेन्स बघा," फोनवर आल्हाद म्हणाला. "खणात एक बारका काचेचा डोळा आहे, त्यावर काही आहे का?"

डोळ्यावर कुंकू होतं. रुख्मिणी काही न बोलता देवघरात गेली आणि वातीचा कापूस घेऊन आली. "पूजा मीच केली, डोळा मीच पुसते," म्हणाली, आणि तिनं तो इतक्या हलक्या हातानं पुसला की आल्हाद लहान असताना त्याच्या डोळ्यातलं कुसळ ती कशी काढायची ते मला आठवलं. सीडी तानाबाईनं पदरानं मधून कडेकडे पुसली. मी लॅपटॉप चालू केला, सीडी खुंटीवर दाबली. या वेळी टक् असा आवाज स्वच्छ आला.

खण बंद. घरघर. आम्ही तिघंही श्वास रोखून. आणि पडद्यावर सीडीचं नाव उमटलं. खाली रोग्याचं नाव इंग्रजीत. मी वाचून दाखवलं, "इंद्रभान."

"हाव, तेच," तानाबाई म्हणाली आणि तिनं दोन्ही हात तोंडावर धरले.

पावणेतीन वाजले होते. अश्वजितनं तानाबाईच्या मोबाइलवर पाठवायच्या जागेचा पत्ता कळवला होता; तो टाइप करून मी ती जागा पडद्यावर उघडली. सीडीतलं सगळं पुडकं, म्हणजे फोल्डर, उचलायचं आणि ओढत नेऊन त्या जागेवर सोडायचं, एवढंच काम. पण त्या चौकोनी पट्टीवर माझं घामेजलेलं बोट टेकलं की बाण उधळायचा. पुडकं धरलं, की सुटायचं. मी धोतराएवढा रुमाल घेऊन बोट पुसत होतो आणि पुन्हा घाम येत होता. आल्हाद म्हणाला, "बाबा, ओल्या बोटानं टचपॅड वेडं होतं. कुणाचा तरी कोरडा हात लावा." रुख्मिणी तर पुन्हा आत जाऊन कणीक मळायला बसली होती.

मी तानाबाईकडे पाहिलं. "तुम्हीच फिरवा," म्हणालो. "मी सांगतो."

तिनं उजव्या हाताचं पहिलं बोट पट्टीवर ठेवलं. बाण हलला नाही. सरकवलं. हलला नाही. बोटाचं टोक भेगाळलेलं, कडक, सोयाबीन सोंगून सोंगून काळवंडलेलं. ती हसली, "यालेबी मी दिसत नाही वाटते. रेशनच्या मशीनवर असंच होते. माहा अंगठा उठतच नाही. मंग तो दुकानवाला म्हनते, बाई, करंगळी लाव."

"मग करंगळी लावा!"

तिनं करंगळी टेकवली. बाण हलला. आज्ञाधारकपणे, जिकडे करंगळी तिकडे बाण. तानाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी चांगलं केलं होतं. "करंगळीले वावरात काम नाही पडत ना," ती म्हणाली, "म्हनून नरम राह्यली बिचारी."

मी सांगत गेलो, ती करत गेली. "त्या पिवळ्या पुडक्यावर न्या. आता डाव्या हातानं खालची कड दाबून धरा. सोडू नका. सोडलं की पहिल्यापासून. आता ओढा. हळू. पट्टी संपली? थांबा, डावा हात तसाच राहू द्या, करंगळी उचलून परत मागं ठेवा. ओढा." ती ओठ दाताखाली धरून ओढत होती. पुडकं पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला चाललं होतं, आणि मी तिच्या मागं उभा राहून मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडत होतो. "हं, आता सोडा!"

तिनं सोडलं. एक निळी रेघ उमटली आणि सरकू लागली. शंभरातले दोन झाले. तीन झाले.

रुख्मिणीनं चहा केला. तानाबाईनं खुर्ची सोडली नाही, त्या निळ्या रेघेवरून नजरही काढली नाही. मी शेजारी स्टुलावर बसलो. सत्तावीस झाले. चाळीस झाले. मला वाटलं, आत्ता नाही बोललो तर पुन्हा बोलणार नाही.

"तानाबाई, त्या दाखल्याचं," मी म्हणालो, "माझी चूक झाली. दहा मिनिटांचं काम होतं ते. रजिस्टर काढायचं, लिहायचं, सही आणायची. मी कंटाळा केला असणार. दुसरं काही कारण नसणार."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मले तवा वाटे, आमचंच काम काऊन राह्यते? मंग पाह्यलं, तुमी समद्याईलेच फिरवत होते." आणि ती हसली. मी हसू शकलो नाही. पण छातीवरचं काहीतरी जरा सैल झालं हे खरं.

साडेतीनला रेघ पुरी झाली. अश्वजितचा मेसेज आला : मिळालं, घेऊन जातो. मग सुरू झालं ते वाट बघणं. पावणेचार वाजले. दहा कमी चार वाजले. घड्याळाचा एवढा आवाज होतो, हे मला निवृत्तीनंतर पहिल्यांदा कळलं. ऑफिसात मी लोकांना बाकावर बसवून ठेवायचो, तेव्हा त्यांनाही असाच ऐकू येत असेल.

चारला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. तानाबाईनं तो स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला.

"माय," अश्वजितचा आवाज धाप लागल्यासारखा होता, "सरांनी पाह्यलं. आनायले सांगतलं. मी मेहकरच्या दवाखान्यात बोललो, अँबुलन्स अर्ध्या घंट्यात निंघते, तू तिथं पोच. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन."

"पाय?" तानाबाईनं विचारलं. एवढंच.

"सर खात्री नाही देत, माय. पन म्हनले, नस दबली आहे, तुटली नाही. म्हनले, उशीर झाला नाही अजून."

उशीर झाला नाही. हे तीन शब्द माझ्या टेबलाशी बोलले जातील, असं मला कधी वाटलं नव्हतं. रुख्मिणी पदरानं डोळे पुसत होती. मी काय करत होतो ते सांगत नाही.

तानाबाई उठली. मग पुन्हा वाकली, माझ्याकडे एकदा बघितलं, मी मान हलवली, आणि तिनं करंगळीनंच बटण दाबलं. खण मुकाट्यानं उघडला. सीडी पाकिटात, पाकीट पिशवीत, सेफ्टी पिन जमेल तशी वाकवून पुन्हा बांगडीत. रुख्मिणीनं भाकरी-चटणीचं पुडकं तिच्या हातात दिलं. मी मोटरसायकल काढली, दसऱ्याची माळ तशीच होती तिच्यावर, आणि म्हणालो, "एसटीची वाट नका बघू, मीच मेहकरला सोडतो."

ती मागं बसली. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवताना तिचा आवाज माझ्या कानाशी आला, साधा, रोजच्या बोलण्यातला.

"आज एका खेपेत काम झालं, सायेब."

मी गाडी जरा जोरात काढली.